नववीत काय झालं?

नववीचं मार्कलिस्ट जपून ठेवलेला माणूस मला साताऱ्यात अजून भेटायचाय. दहावीचं लॅमिनेट केलेलं असतं, बारावीचं फाईलमध्ये असतं. नववीचं? कुणी मागत नाही म्हणून कुणी ठेवत नाही. शाळेत मागायला जावं तर क्लार्क असं बघतो, जणू आपण त्याच्या आजोबांची जन्मवेळ विचारलीय. "नववीचं? त्ये कशाला लागतंय आता?"

तर हे 'कशाला लागतंय' समजावून सांगणं हाच माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतला उद्योग होता. मी साताऱ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायची. प्राचार्यांनी एकदा मिटिंगमध्ये विचारलं, बाहेरच्या विद्यापीठांच्या प्रवेशाचं कोण बघणार? सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि मी नेमकी त्याच वेळी शिंकले. झालं! जिन्याखाली एक टेबल मिळालं, एक खुर्ची मिळाली, आणि 'मार्गदर्शन कक्ष' अशी पाटी मिळाली. कक्ष म्हणजे काय, तर जिन्यावरून पोरं धावली की डोक्यावर धूळ पडायची.

काम काय असतं ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा ते कधी कळलं नाही. आपल्याकडे बारावीचे किंवा सीईटीचे मार्क पडले की यादी लागते, नाव असलं तर आत, नसलं तर बाहेर. पण देशात आता काही विद्यापीठं अशी झालीत की ती फक्त शेवटचा आकडा बघत नाहीत. नववी, दहावी, अकरावी, बारावी अशी चारही वर्षं मागतात. पोराला स्वतःबद्दल निबंध लिहायला लावतात, शिकवलेल्या मास्तरांचं पत्र मागवतात, मुलाखत घेतात. शंभरातल्या मोजक्यांना घेतात, पण ज्याला घेतात त्याची ऐपत नसेल तर फीचं ओझंही उचलतात. आणि ज्याचे मार्क आधी घसरलेत आणि नंतर चढलेत, त्याला ती हाकलून देत नाहीत. एवढंच विचारतात, की बाबा, तेव्हा काय झालं होतं?

या एका प्रश्नाला आमच्याकडची माणसं जेवढी घाबरतात तेवढी पोलिसाला घाबरत नाहीत.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. शिफारसपत्र हवं म्हटल्यावर वडूजचे एक गृहस्थ तालुक्यातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांची पत्रं घेऊन आले. लेटरहेड एकापेक्षा एक रंगीत. 'सदर विद्यार्थी आमच्या चांगल्या परिचयाचा असून होतकरू आहे.' मी म्हटलं, अहो, यांच्यापैकी कुणी तुमच्या पोराला वर्गात शिकवलंय का? तर म्हणाले, "शिकवायला कशाला पायजे? वजन हाय त्यांचं!" वाईच्या एका आईनं मुलाचा निबंध स्वतः लिहून आणला होता. छान होता, पण त्यात मुलगा कुठेच नव्हता, सगळी तिचीच कष्टाची कहाणी. मी तिला म्हटलं, तुम्हीच जा आता शिकायला. ती लाजली आणि मग खरंच म्हणाली, "घेतील का हो मला?" मला त्यावर हसू आलं, आणि नंतर दिवसभर वाईटही वाटत राहिलं.

आणि टायफॉईड! आमच्या जिल्ह्यात जेवढा टायफॉईड कागदावर झालाय तेवढा अंगात झाला असता तर जिल्हा ओस पडला असता. मार्क कमी पडले की ओळखीच्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट आणायचं, ही रीतच आहे. त्यात कुणाला खोटं बोलल्यासारखंही वाटत नाही.

असंच एक टायफॉईडचं सर्टिफिकेट घेऊन सुभेदार घाडगे माझ्या टेबलासमोर उभे राहिले. फौजेतून निवृत्त झालेले. ताठ मान, कडक इस्त्री, बूट असे चकचकीत की माझं टेबल मला लाजिरवाणं वाटायला लागलं. मागं त्यांची मुलगी ऋतुजा.

ऋतुजाला मी ओळखत होते. अकरावीत कला शाखेत असून तिनं गणित घेतलं होतं. कला शाखेत गणित घेणारं पोर म्हणजे लग्नात जाऊन उपास धरणारं. दहावीला कशीबशी पास झाल्यानं सायन्सनं तिला दारात उभं केलं नव्हतं. पण अकरावीत ती पहिली आली, आणि बारावीच्या सहामाहीत तर गणिताचे सर स्टाफरूममध्ये तिचा पेपर सगळ्यांना दाखवत फिरत होते. अर्थशास्त्र शिकायचं म्हणायची. एक दिवस जिन्याखाली येऊन तिनं मला विचारलं होतं, "मॅडम, नववीत आपटलेल्यांना घेतात का हो तिकडं?" मी म्हटलं, उठून उभे राहिलेल्यांना घेतात, बस.

"मॅडम, हे नववीचं कारण," सुभेदार म्हणाले आणि सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. "टायफॉईड. बाकी पोरगी एक नंबर हाय. फॉर्ममधी तसं टाका, म्हंजे इषय संपला."

मला दाखवून झाल्यावर सर्टिफिकेट परत खिशात घालून ते गेले, आणि मी ऋतुजाला सहज विचारलं, "काय गं, टायफॉईडमध्ये काय खायला द्यायचे तुला?"

तिनं मागं वळून वडील गेल्याची खात्री केली. मग म्हणाली, "मॅडम, मला टायफॉईड झालाच नव्हता."

"ते मला ठाऊक आहे. मग काय झालं होतं?"

तिनं सांगितलं. आधी थांबत थांबत, मग धबाधबा. वडील फौजेत होते तोवर सुट्टीवर यायचे, लाड करायचे, जायचे. ती नववीत गेली तेव्हा ते कायमचे घरी आले. आल्या आल्या घराची पलटण केली. भिंतीवर टाइमटेबल लागलं. पहाटे शिट्टी. दप्तराची तपासणी, वह्यांची तपासणी, केसांची तपासणी. अभ्यासाला बसली की मागं येऊन उभे राहायचे. जेवताना पाढे. मैत्रिणी घरी यायच्या बंद झाल्या. आईनं एकदा तोंड उघडलं तर म्हणाले, "तू मधी बोलू नको, हे डिसिप्लिनचं काम हाय."

"त्यांना माझे मार्क पायजे होते," ऋतुजा म्हणाली. "मी ठरवलं, मार्कच द्यायचे न्हाईत. त्यांना नाही म्हणायला माझ्याकडं दुसरं काहीच नव्हतं मॅडम. गणिताला आन सायन्सला कोरा पेपर दिला. बाकीच्या विषयांवर कसंबसं दहावीत ढकललं मला."

मी आयुष्यभर पेपर तपासले. कोरे पेपर पुष्कळ बघितले, पण कोऱ्या पेपरात कुणी एवढं लिहिलेलं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

"मग परत अभ्यासाला कशी लागलीस?"

"मगदूम सरांमुळं. गणिताला होते आम्हाला. त्यांनी मला बाजूला घेतलं आन म्हणाले, तुझं वडिलांशी भांडण असेल तर ते घरी कर. गणितानं तुझं काय वाकडं केलंय?" ती हसली. "दहावीच्या सहामाहीनंतर लागले अभ्यासाला, पण तवा लय उशीर झाला होता."

"हे असंच्या असं लिही. यापेक्षा चांगलं काही लिहिता येणार नाही तुला."

तिचा चेहरा उतरला. "न्हाई मॅडम. फॉर्म पप्पांच्या फोनवरनं भरायचाय, मेल त्यांचा हाय. ते वाचतील. गावात सगळे त्यांना साहेब म्हणतात. आपल्यामुळं पोरगी बिघडली होती हे त्यांनी वाचायचं? त्यांना लय लागंल."

"मग टायफॉईड लिहिणार?"

"न्हाई."

"मग ती जागा कोरी सोडणार? परत कोराच पेपर?"

ती रडायला लागली. मी माझ्या जिभेला चार शिव्या दिल्या आणि तिला चहा पाजला. अडचण खरी होती. ती जागा कोरी सोडली तर विद्यापीठ समजणार, पोरगी काहीतरी लपवतेय. खोटं लिहिलं तर मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडं पडणार, कारण ऋतुजाला खोटं बोलता येत नाही, ती लगेच कान चोळायला लागते. आणि खरं लिहिलं तर घरात काय होईल सांगता येत नव्हतं. मी बापाला काही सांगायचं नाही हे मात्र मी पक्कं ठरवलं. ते तिचं होतं, माझं नव्हे.

मी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. मास्तरांचं पत्र लागणार होतं, आणि तिची पडती आणि चढती दोन्ही पाहिलेला माणूस एकच, मगदूम सर. ते निवृत्त होऊन सांगलीला स्थायिक झाले होते. मी फोन लावला. पलीकडून अगदी हळू, थंड आवाज. "ऋतुजा घाडगे? आठवते की. पत्र लिहितो. पण तिच्या वडिलांना घेऊन या. ते आल्याशिवाय नाही लिहिणार."

मी सुभेदारांना निरोप दिला तर ते लालबुंद झाले. कारण नंतर कळलं. नववीचा निकाल लागला तेव्हा ते शाळेत जाऊन मगदूम सरांना भर स्टाफरूममध्ये नको नको ते बोलले होते. 'शिकवता येत न्हाई तर घरी बसा' इथपर्यंत. "मला माफी मागायला लावतोय त्यो मास्तर," ते म्हणाले. मलाही तेच वाटलं, खरं सांगायचं तर. मग सुभेदार आपल्या बुटांकडे बघून म्हणाले, "पोरीसाठी मागू. जाऊ या."

रविवारी आम्ही तिघं एसटीनं सांगलीला निघालो. कऱ्हाडच्या स्टँडवर सुभेदारांनी आम्हा दोघींना वडापाव आणून दिले, स्वतः खाल्ला नाही. इस्लामपूरच्या पुढं दोन्ही बाजूंनी उसाचे ट्रॅक्टर लागले आणि बस रांगायला लागली. ऋतुजा खिडकीतून बाहेर बघत होती. बाप पुढच्या सीटच्या दांडीला धरून बसलेला. दोघं अख्ख्या रस्त्यात एकमेकांशी चार शब्द बोलले नसतील.

पोचेपर्यंत उन्हं कलली. सरांचं घर लहान, नीटनेटकं, दारात तुळस आणि सदाफुली. सर म्हणजे पाच फुटी, बारीक, पांढरा पायजमा. सुभेदार त्यांच्यापुढं खांबासारखे दिसत होते.

"सर, मी तुमाला तवा..." त्यांनी दारातच सुरुवात केली.

"या की, आत या. आधी जेवायचं."

"न्हाई, आमी जेवून आलोय. माझं म्हणणं एवढंच की..."

"घाडगे, सूर्य बुडायच्या आत आमची जेवणं होतात. बुडाल्यावर मी खात नाही, आणि पाहुण्यांना उपाशी ठेवून मला खाता येत नाही. तेव्हा बसा. बोलणं काय, दिव्यातपण होतं."

जैन घरातली ही रीत मला माहीत होती, सुभेदारांना नव्हती. माफी ओठावर घेऊन आलेल्या माणसाला पाटावर बसवलं तर तो काय करणार? सरांच्या पत्नीनं वाढलं. भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक. "घ्या की, लाजू नका, अजून एक घ्या." सुभेदार आधी मान खाली घालून जेवत होते. तिसऱ्या भाकरीला त्यांचे खांदे जरा सैल झाले. मी मनात म्हटलं, फौजेतल्या माणसाला याच्यापेक्षा मोठ्या तोफेनं कुणी नमवलं नसेल.

जेवणं झाली. ताटं अजून समोरच होती, अंगणात थोडा उजेड होता. सुभेदार म्हणाले, "सर, त्या वक्ताला मी शाळंत येऊन तुमाला लय बोललो. चूक झाली माझी."

"बोललात खरं. आवाज मोठा आहे तुमचा." सर हसले. "पण त्यासाठी नाही बोलावलं मी. त्या दिवशी मला तुम्हाला एक सांगायचं होतं. तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. ते राहून गेलं, आणि मी रिटायर झालो तरी डोक्यातून जाईना."

"पत्रात तेवढं तिच्या आजाराचं टाका..."

"कुणाच्या आजाराचं?"

सुभेदारांचा हात खिशाकडे गेला.

"आजारी पोर पेपर अर्धा सोडवतं आणि मान टाकतं," सर म्हणाले. "हिनं पेपरवर नाव लिहिलं होतं, तुकडी लिहिली होती, समास आखला होता. अक्षर मोत्यासारखं. मग पेन ठेवलं आणि वेळ संपेपर्यंत हाताची घडी घालून बसली. मी समोर होतो ना. तिला येत होतं, घाडगे. तिला द्यायचं नव्हतं."

सुभेदार वळले आणि मुलीकडे बघितलं. "का गं?"

ऋतुजानं कान चोळला नाही. तिनं सरळ त्यांच्याकडे बघितलं. शब्द एकेक करून येत होता.

"पप्पा, तुम्ही सुट्टीवर यायचा तवा मी दिवस मोजायचे. मग तुम्ही कायमचे आलात आन मला घरात श्वास घ्यायची चोरी झाली. मी काय बोलले की तुम्ही टाइमटेबल दाखवायचा. मग मी पेपरात बोलले."

सरांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. मला वाटलं, आता हा माणूस उठून चालायला लागणार. आणि तो उठलाच. पण दाराकडे गेला नाही. आपलं ताट उचललं, मोरीवर गेला, आणि फौजेत घासतात तसं ते स्वतः घासायला लागला. "अहो, ठेवा की ते, पाहुण्यांनी..." म्हणत बाई पुढं गेल्या, सरांनी त्यांना हातानं थांबवलं. बराच वेळ नळ चालू होता.

सुभेदार परत आले तेव्हा डोळे लाल होते. खिशातून त्यांनी ते डॉक्टरांचं सर्टिफिकेट काढलं, फाडलं आणि तुकडे परत खिशातच ठेवले, कारण दुसऱ्याच्या घरात कचरा कसा टाकायचा!

"लिव्ह," ते मुलीला म्हणाले. "बापानं जीव नकोसा केला म्हणून कोरा पेपर दिला, असं लिव्ह. खरं हाय त्ये."

ऋतुजा त्यांच्या खांद्याला डोकं लावून रडली. मीही रडले, कबूल करून टाकते. मगदूम सर तेवढे कोरडे होते. ते म्हणाले, "चला, सातची गाडी मिळेल तुम्हाला."

परतीच्या बसमध्ये ऋतुजा झोपली. सुभेदार माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, हे वाचल्यावर तिकडची मानसं मला काय समजतील?"

"बाप समजतील. दुसरं काय समजणार?"

ते जरा विचार करून म्हणाले, "त्यांच्यातबी असतील की असले." मी म्हटलं, भरपूर असतील.

तिनं लिहिलं. वडिलांवर एक वाकडा शब्द नाही, स्वतःची दया नाही. मी फक्त स्वल्पविराम हलवले. सुभेदारांनी वाचायला साफ नकार दिला. "माझ्याबद्दलचा रिपोर्ट मी कशाला वाचू? तुमी बघितलाय न्हवं, बास." मगदूम सरांनी पत्र नातवाकडून कॉम्प्युटरवर चढवलं. त्यात काय होतं ते आम्हाला कळलं नाही, कळायचंही नसतं, ते थेट विद्यापीठाला जातं.

मुलाखत आमच्याच कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये झाली. दार बंद, बाहेर मी आणि सुभेदार. मी बसायला खुर्ची दिली तर बसेनात. पहाऱ्यावर असल्यासारखे उभे. ऋतुजा बाहेर आली तेव्हा हसत होती.

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"नववीचंच विचारलं. म्हणाले, आज ती नववीतली मुलगी समोर आली तर तिला काय सांगशील?"

"मग?"

"मी म्हटलं, सांगीन की पेपर सोडव. भांडण पण कर, पण तोंडानं कर."

सुभेदार मोठ्यानं हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

चार ठिकाणी अर्ज केला होता. दोघांनी नाही म्हटलं, एकानं प्रतीक्षा यादीत टांगून ठेवलं. सारखा मेल उघडून बघून आमच्या जिवाला घोर लागला होता. आणि मग दक्षिणेतल्या एका चांगल्या विद्यापीठानं तिला घेतलं, शिष्यवृत्तीसकट. घाडग्यांच्या घरून पेढे आले, मगदूम सरांना वेगळे पाठवले गेले. प्राचार्यांनी भाषणात माझं नाव घेतलं आणि जिन्याखाली एक नवा पंखा बसवला.

सगळ्यांचं असं झालं नाही, हे सांगायला हवं. खटावकडचा एक मुलगा असाच खालून वर आला होता. प्रवेश मिळाला पण शिष्यवृत्ती मिळाली नाही, आणि तो गेला नाही. आता पोलिसात आहे, सणाला आठवणीनं मेसेज करतो, बरं चाललंय म्हणतो. त्याचा मेसेज वाचताना मला अजून जरा चुटपुट लागते. पण एकूणात, मला ही नोकरी आवडली. इंग्रजी शिकवून जेवढी माणसं कळली नाहीत तेवढी त्या टेबलामागं बसून कळली.

ऋतुजा गेल्यावर तीन-चार महिन्यांनी सुभेदारांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

"मॅडम, ऋतुजाचा फोन आलता आत्ता. तिकडच्या पहिल्या परीक्षेत कमी पडलेत तिला. लय कमी."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. तिनंच सांगितलं. निकाल लागला आन पयला फोन मला केला."

"मग? तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

सुभेदार म्हणाले, "मी इचारलं, जेवलीस का?"